ढोरगुंजाचं मूळ आणि रात्रीची लाईट

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. घर गावात आणि शेत दीड किलोमीटरवर. रात्री दोनच्या सुमाराला शेतातली लाईट येते, ऑटो, म्हणजे लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा स्विच, खट्‌कन ओढतो आणि विहिरीवरची मोटार सुरू होते. तो आवाज गावातल्या घरापर्यंत येणं शक्यच नाही. तरी बरोबर त्याच वेळेला माझे डोळे उघडायचे. आता मला मोटारीवर जायचं नसतं. ठिबक आहे, बाकीचं पोरगा बघतो, दारं धरायचं, म्हणजे सरी-सरीला पाणी वळवायचं काम संपलंय. पण अंगाला ते कळतच नव्हतं.

2003 ते 2022 मी रात्रीचं पाणी दिलं. थ्री फेज आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी, काठी आणि गमबूट घेऊन निघायचं. हरभऱ्यात सरी भरेपर्यंत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसायचं, डोळा लागू द्यायचा नाही, कारण पाणी फुटलं तर शेजाऱ्याच्या ज्वारीत जातं. पहाटे घरी यायचं, चहा घ्यायचा, दोन तास पडायचं, की उन्हं वर. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. ज्यांची झोप कधी अशी तुकड्या-तुकड्यांत गेली नाही, त्यांच्यासाठी लिहितोय.

आता माझं वय 52. काम कमी झालं तरी झोप परत आली नाही. दहाला पडलो की लागायची, दोनला तुटायची आणि साडेचारपर्यंत छताकडे बघत राहायचं. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. झोप लागली, पण सकाळी दहापर्यंत डोकं जड. एकदा मोटारसायकलवर डुलकी आली आणि गाडी साइडपट्टीच्या खाली उतरली. मागं बायको बसलेली होती. त्या दिवशी मी गोळ्या बंद केल्या. गोळी वाईट असं माझं म्हणणं नाही, ज्याला गरज आहे त्याने डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घ्यावी. मला ती सोसली नाही, एवढंच.

मग माय पुढं आली. तिचं वय 78. तिच्याकडं बाळगुटीचं एक गाठोडं आहे, लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं. त्यात वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, हिरडा, जायफळ. सोबत एक सहाण, जिच्या मधोमध घासून घासून खळगा पडलाय. आम्ही पाच भावंडं आणि आमची लेकरं, सगळ्यांची गुटी त्याच खळग्यात उगाळली गेली.

"बाबा, घोटभर दुधात जायफळाचे चार वेढे देते, घे अन् गप पड," ती म्हणाली.

एक वेढा म्हणजे सहाणेवर गोल फिरवलेला एक फेरा. चार वेढ्यांनी दुधाच्या थेंबात तपकिरी गंध तेवढं उतरतं, करंगळीच्या नखावर मावेल इतकं. ते कोमट दुधात कालवून घेतलं. पहिल्या रात्री तीनपर्यंत झोपलो. दुसऱ्या रात्री परत दोन. तिसऱ्या रात्रीही दोन. चौथ्या दिवशी मी मायला न विचारता किसणीवर अख्खं जायफळ किसून दुधात टाकलं आणि प्यालो.

तीन-चार तास काहीच झालं नाही. मग रात्री एकला तोंडाला कोरड पडली, जीभ टाळूला चिकटायला लागली, छाती धडधडू लागली आणि समोरची भिंत जवळ येते अन् लांब जाते असं दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी नीट उभा राहू शकलो नाही. जायफळाच्या तेलात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं. वेढ्याने उगाळलेल्या गंधात ते नावापुरतं येतं, पण पाच ग्रॅमच्या आसपास जायफळ पोटात गेलं की विषबाधेची लक्षणं दिसू शकतात. एका जायफळाचं वजन साधारण तेवढंच भरतं. मायच्या हाताला हे माप माहीत होतं. सहाण आणि वेढा हे तिचं मोजमापच आहे. किसणी लावली तिथंच ते मोजमाप मोडलं.

त्यानंतर गावातल्या लोकांनी सुचवलेलं बरंच करून पाहिलं. पिंपळमूळ गुळात घेतलं. मेंदीची फुलं उशीखाली ठेवली, वास फार सुंदर, झोपेवर परिणाम माझ्यापुरता नाही. खसखस भिजवून बदामाबरोबर वाटून खीर केली. खसखस अफूच्याच बोंडातली, म्हणून तिनं गुंगी येते असा समज आमच्याकडे पक्का आहे. पण अफू बोंडाच्या चिकात असते, बियांत नसल्यासारखीच. खीर चविष्ट होती आणि महाग पडली.

दिवाळीनंतर आठवडी बाजारात जडीबुटी मांडून बसलेल्या माणसाकडून मी झोपेची पुडी आणली. पांढुरक्या भुकटीच्या दहा पुड्या, कागदावर नाव नाही, गाव नाही. मी माझ्यासाठी आणल्या होत्या. पण मायलाही अलीकडे झोप कमी, तिनं मला न सांगता त्यातल्या दोन दिवसांच्या घेतल्या. ती आधीपासून बी.पी.ची गोळी खाते. तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावरून उठताना तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती खाली बसली. पडली नाही, हे आमचं नशीब.

तिला घेऊन तालुक्याच्या वैद्यबाईंकडे गेलो. त्या नांदेडला आयुर्वेद शिकल्या, वीस वर्षांपासून दवाखाना चालवतात. त्यांनी आधी बी.पी. पाहिलं, वरचं 92. मग मायला झोपवून पाय उशीवर ठेवले आणि माझ्याकडून पुडी मागितली. चिमटीत घेऊन वास घेतला, जिभेच्या टोकाला कण लावला, लगेच थुंकल्या आणि चूळ भरली.

"इतकं कडू आहे म्हणजे सर्पगंधा असायची शक्यता मोठी," त्या म्हणाल्या. "त्यात आणखी कशाची गोळी कुटून घातलीय ते देवाला माहीत."

सर्पगंधेबद्दल त्यांनी जे सांगितलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. हे मूळ आपल्याकडे फार पूर्वीपासून उन्मादाला आणि झोपेला देत आलेत. 1949 साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावर त्याचा उपयोग ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि जगाचं लक्ष त्याकडे गेलं. 1952 मध्ये त्यातून रेसरपीन वेगळं काढलं गेलं आणि त्याच्या गोळ्या जगभर वापरल्या गेल्या. पुढं दिसलं की जास्त मात्रेत काही माणसांचं मन खचतं, बी.पी. फार उतरतं, म्हणून त्या मागं पडल्या. म्हणजे आमच्या बाजारात बिननावाच्या कागदात दहा रुपयाला मिळणारी ही वस्तू खरंच औषध आहे, आणि म्हणूनच ती अशी विकणं धोक्याचं आहे. मायच्या बी.पी.च्या डॉक्टरांना वैद्यबाईंनी माझ्यासमोर फोन लावला, चार दिवस तिला एकटं उठू द्यायचं नाही असं ठरलं. पाचव्या दिवशी ती पहिल्यासारखी चुलीपुढं बसली. उरलेल्या पुड्या मी शेणखतातही टाकल्या नाहीत, जाळल्या.

त्याच भेटीत वैद्यबाईंनी माझी चौकशी केली, आणि ती चौकशी पाऊण तास चालली. झोप लागत नाही की मधेच तुटते? तुटल्यावर डोक्यात काय येतं? शेवटचा चहा किती वाजता? जेवण किती वाजता? घोरता का? थायरॉइड आहे का, काविळीचा त्रास झालाय का? मी सांगितलं, चहा रात्री नऊला, जेवण साडेनऊला, तुटल्यावर डोक्यात मोटार येते. त्या हसल्या नाहीत. "वीस वर्षं दोन वाजता उठलात, आता शरीर ते पाळतंय," एवढंच म्हणाल्या.

मी त्यांना तगरीचं विचारलं, कारण भाच्यानं मोबाइलवर आलेला मजकूर पाठवला होता की झोपेसाठी तगर घ्या, आणि आमच्या अंगणात देवाला फुलं वाहायची तगर आहे. मी मूळ खणायच्या बेतात होतो. त्या एकदम सावध झाल्या. अंगणातली पांढऱ्या फुलांची, फांदी मोडली की चीक येणारी तगर वेगळी. झोपेच्या औषधातली तगर हिमालयातली, वाळलेल्या मुळाला ओल्या मोज्यासारखा वास येणारी. नाव एक आणि झाडं दोन. जटामांसीचंही तसंच अवघड आहे. ती हिमालयात तीन हजार मीटरच्या वर वाढते, इतकी खणली गेली की आता अतिसंकटग्रस्त वनस्पतींत तिची गणना होते. बाजारात तिच्या नावाखाली दुसरंच गवत-मूळ मिळू शकतं. ब्राह्मी म्हणूनही दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात.

"मग आपल्या शेतातलं काही नाही का?" मी विचारलं.

"आहे की. आस्कंद. तुमच्या धुऱ्यावर असेल."

त्यांनी पुस्तकातलं चित्र दाखवलं आणि मी बघतच राहिलो. ते ढोरगुंज होतं. माझ्या धुऱ्यावर लहानपणापासून बघितलेलं, दरवर्षी मी तणनाशकानं मारत आलेलं. शहरात ज्याला अश्वगंधा म्हणून डबीत घालतात ते हेच. शास्त्रीय नाव विथानिया सोम्निफेरा, आणि त्यातल्या सोम्निफेराचा अर्थच झोप आणणारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ आणि खुरपं घेऊन गेलो. ढोरगुंजाचं झुडूप कमरेएवढं होतं. पानांवर बारीक करडी लव, हात फिरवला तर मऊ लागते. फळ कागदासारख्या पातळ पिशवीत असतं. पिशवी फोडली की आत वाटाण्याएवढं लालभडक गोल फळ, म्हणून गुंज. खरीपात लेकरं जी चिरबोटी खातात तिलाही अशीच पिशवी असते, पण तिच्या पानाला ही लव नसते आणि फळ पिवळसर. या दोन्हींत गल्लत होऊ शकते.

खणायला लागलो तर काळ्या मातीनं दम काढला. वरची वीत भेगाळलेली, खाली चिकट. मूळ सरळ खाली जातं आणि बाजूला फाटे फुटतात. ओढलं तर तुटतं, म्हणून हातानं माती काढत बसलो. तासाभरात हातभर मूळ बाहेर आलं, करंगळीएवढं जाड. माती झटकून नाकाशी नेलं आणि खरंच, घोड्याच्या तबेल्यातला तो उग्र वास. लहानपणी जत्रेत टांगेवाल्यांच्या घोड्यांजवळ उभं राहिलं की यायचा तोच. अश्वगंधा हे नाव कुणा पंडितानं बसून ठेवलेलं नाही, खणणाऱ्यानं ठेवलेलं आहे, हे तेव्हा पटलं.

सात मुळं खणली, धुतली, बोटभर तुकडे करून माळवदावर सावलीत वाळवली. दहा दिवसांनी पिशवीत घालून मोठ्या उमेदीनं वैद्यबाईंकडे नेली. त्यांनी एक तुकडा दोन हातांत धरून मोडला. तो कट्‌कन मोडला नाही, दोऱ्यासारखे तंतू निघाले. मग त्यांच्या बरणीतला तुकडा मोडून दाखवला. तो खडूसारखा मोडला, आत पांढरं पीठ. लागवडीचं आस्कंद हलक्या, वाळूमिश्रित जमिनीत घेतात. पाच-सहा महिन्यांनी पानं वाळून फळं लाल झाली की उपटतात, तेव्हा मूळ असं पिठूळ मिळतं. मध्य प्रदेशात नीमचच्या बाजारात त्याची मोठी उलाढाल होते. माझं जुन्या झुडपाचं, काळ्या मातीतलं, लाकडी झालेलं.

मग त्यांनी विचारलं, "धुऱ्यावर फवारता?"

"दरवर्षी."

"मग हे पोटात घ्यायचं नाही."

मला वाईट वाटलं. एवढा तास मातीत बसून काढलेलं मूळ, आणि माझ्याच पंपानं ते निकामी केलेलं. पण त्यांचं खरं होतं. ती सात मुळं मी फेकली नाहीत, कोठीच्या खोलीत टांगून ठेवलीत.

औषध म्हणून त्यांनी त्यांच्याकडचंच मूळ दिलं, चूर्ण करून न देता अख्खं, घरी कुटायला. रात्री झोपण्याआधी तीन ग्रॅम, म्हणजे सपाट लहान चमचा, कपभर म्हशीच्या दुधात उकळून, वर चमचाभर तूप. म्हशीचंच का, तर चरकसंहितेत झोप आणणाऱ्या पदार्थांमध्ये म्हशीच्या दुधाला पहिलं स्थान दिलंय. आमच्या गोठ्यात मराठवाडी म्हैस आहे, ही सोय घरचीच होती. सोबत अटी: दुपारी चारनंतर चहा नाही, जेवण दिवेलागणीला, दोन महिन्यांनी बंद करून दाखवायला यायचं. भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे वाटले तर त्याच दिवशी थांबायचं, कारण आस्कंदानं क्वचित कुणाच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा बाई गरोदर असेल तर हे द्यायचं नाही. डेन्मार्कनं 2023 मध्ये या मुळावर बंदीच घातली, हेही त्यांनीच सांगितलं. औषध देणारं माणूस औषधाची उणी बाजू स्वतःहून सांगतंय, यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

दुधाला चव मातकट, कडवट, तुपानं घशाखाली उतरते. त्याच्याबरोबर काशाची वाटी. तळपायाला तिळाचं तेल लावून वाटी उलटी धरायची आणि टाचेपासून बोटांकडे घासायची, एका पायाला दहा मिनिटं. तळवा काळा पडतो. आमच्याकडे म्हणतात अंगातली उष्णता निघाली. वैद्यबाई म्हणाल्या, काशातल्या तांब्यावर तेलाचा परिणाम होऊन तो काळा रंग येतो, उष्णता वगैरे नाही, पण पाय चोळून घेतल्यावर माणूस सैल पडतो हे खरं. मी आधी मायचे पाय घासायचो. तिच्या टाचांना भेगा, त्यात तेल जिरायला वेळ लागतो. दुसरा पाय घ्यायच्या आत ती झोपलेली असायची. मग माझे.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर जिथं दुधाचा हिशोब लिहितो, त्याच चौकटीत मी रोज किती वाजता जाग आली आणि किती वाजता परत लागली ते लिहीत गेलो. पहिल्या पंधरा दिवसांत काहीही फरक नाही. बायको म्हणाली, बंद करा आता. तिसऱ्या आठवड्यात जाग दोनलाच, पण साडेतीनच्या आत परत झोप. सहाव्या आठवड्यात आठवड्यातल्या चार रात्री सरळ चारपर्यंत. उरलेल्या रात्री जाग आली तरी वीस मिनिटांत डोळा लागायचा. आस्कंदावर झालेल्या चाचण्यांतही असंच दिसतं असं वैद्यबाई म्हणाल्या. परिणाम होतो, पण लहान, आणि साधारण आठ आठवडे धीर धरल्यावर. यातलं किती मुळाचं, किती चहा सोडल्याचं, किती मायच्या पायाशी बसण्याचं, हे मला वेगळं करता येत नाही.

पण एक गोष्ट वेगळी करता आली. जानेवारीत पोराला ताप आला, त्याच आठवड्यात फिल्टर चोंदून ठिबक बंद पडलं आणि गव्हाला पाणी हवं होतं. तीन रात्री मी गेलो. चौथ्या रात्रीपासून कॅलेंडरवर परत दोन ते साडेचार, सलग अकरा दिवस. दूध तेच, मूळ तेच, वाटी तीच. सात आठवड्यांचं कमावलेलं तीन रात्रींनी नेलं. आमच्या भागात झोपेच्या औषधाचं बोलणं निघतं तेव्हा मी आता हे सांगतो, की शेतीची लाईट दिवसा मिळणं हे आमच्यासाठी सगळ्यात मोठं झोपेचं औषध आहे. त्याचा अर्ज मी भरलाय, सौर पंपाचा. शेजाऱ्याचा बसला, त्याच्या गव्हाला उन्हात पाणी जातं आणि तो रात्री घरी असतो.

फेब्रुवारीत ठरल्याप्रमाणे आस्कंद बंद केलं. आता जाग येते ती आठवड्यातून दोनदा-तीनदा. काशाची वाटी चालू आहे.

मृगाच्या आधी पोरगा पंप पाठीवर घेऊन धुऱ्याकडे निघाला, तेव्हा मी त्याला उत्तरेच्या कडेला जाऊ दिलं नाही. तिथलं तण मी हातानं काढलं, ढोरगुंजाची अकरा झाडं सोडून. मायनं लाल फळं फडक्यात बांधून ठेवली होती, त्यातलं बी विहिरीजवळच्या मुरमाड तुकड्यात टाकलंय, जिथं कधी काही फवारलेलं नाही. पाऊस पडून पंधरा दिवस झाले. कोंब वर आलेत, पण त्यातली चिरबोटी किती आणि ढोरगुंज किती हे पानांना लव आल्यावर कळेल.